सिंदखेड राजा : जिजाऊंचे जन्मस्थान

सिंदखेड राजा हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, लखुजी जाधवरावांच्या वतनाचे गाव आणि राजमाता जिजाबाईंचे जन्मस्थान आहे. विदर्भ आणि मराठवाडा जिथे एकमेकांना भिडतात त्या पट्ट्यात, अजिंठा डोंगररांगेच्या दक्षिणेकडील पठारावर ते वसले आहे. जालना शहर येथून सुमारे ३५ किमी. अंतरावर असून रेल्वेने येणाऱ्यांना तेच स्थानक सोयीचे पडते. जिजाऊंच्या जन्मामुळे गावाला ‘मातृतीर्थ’ म्हणतात आणि बुलढाणा जिल्ह्याची ओळखही आता ‘मातृतीर्थ जिल्हा’ अशीच सांगितली जाते.

जुना मुंबई–नागपूर महामार्ग छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेड राजा, मेहकर असा जातो. या रस्त्याला लागूनच जाधवरावांच्या राजवाड्याचे महाद्वार उभे आहे. थोर व्यक्तीच्या जन्मस्थानी रस्त्याकडेला फलक लावून वाटसरूला थांबवण्याची रीत अनेक देशांत आहे. सिंदखेडला फलक आहेत, कमानी आहेत, पण वाटसरूला खरे थांबवते ते हे द्वार. एसटीच्या खिडकीतूनही त्याची उंची नजरेत भरते आणि हे कोण्या साध्या देशमुखाचे घर नव्हते हे न सांगता कळते.

तालुक्याची जमीन बहुतांशी काळी व मध्यम काळी आहे. सोयाबीन, कापूस, तूर ही खरिपाची आणि हरभरा, गहू ही रब्बीची मुख्य पिके. गोदावरीच्या खोऱ्यातील खडकपूर्णा ही या भागातली मोठी नदी असून तिच्यावर देऊळगाव राजा तालुक्यात बांधलेल्या धरणाच्या जलाशयाला संत चोखामेळ्यांचे नाव आहे. चोखोबांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे मेहुणा राजा त्याच परिसरात आहे. पाऊस बेताचा आणि लहरी असल्याने पाणी साठवणे हा या पठारावरच्या वस्तीचा जुना प्रश्न आहे. सिंदखेडच्या जुन्या बांधकामांत तलाव, बारवा आणि विहिरींना एवढे मोठे स्थान का, याचे उत्तर या भूगोलात आहे.

देऊळगाव राजा, मेहुणा राजा, किनगाव राजा, आडगाव राजा अशी ‘राजा’ जोडलेली गावे या परिसरात बरीच आहेत. ही सारी जाधवराव घराण्याच्या आणि त्याच्या शाखांच्या अमलाखालील गावे. नकाशावर ती एकत्र पाहिली की जाधवरावांच्या वर्चस्वाचा विस्तार डोळ्यांसमोर येतो. अलीकडे धुळे जिल्ह्यातील शिंदखेड्यापासून हे गाव वेगळे ओळखण्यासाठीही ही जोड उपयोगी पडते.

जाधवराव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानतात. गावाची वस्ती यादवकाळाइतकी जुनी आहे, याला आता जमिनीखालून निघालेला पुरावाही मिळाला आहे. त्याची हकीकत पुढे येईल. मात्र सिंदखेडला इतिहासात ठळक स्थान मिळाले ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस, लखुजी जाधवरावांच्या कर्तृत्वाने. लखुजी हे अहमदनगरच्या निजामशाहीतील अग्रगण्य मराठा सरदार. त्यांच्या हाताखाली मोठी फौज होती आणि सिंदखेड परगण्याची देशमुखी त्यांच्या घरात होती. त्यांच्या पत्नी म्हाळसाबाई. दत्ताजी, अचलोजी, रघोजी आणि बहादुरजी हे त्यांचे पुत्र व जिजाबाई ही कन्या. लखुजींचे बंधू जगदेवराव हेही लढाऊ पुरुष होते आणि घराण्याच्या पुढील इतिहासात त्यांचे नाव वारंवार येते.

लखुजींचे राजकारण समजून घ्यायचे तर त्या काळचे सिंदखेड कुठे होते हे पाहावे लागते. पश्चिमेला निजामशाहीची राजधानी ठरलेला दौलताबादचा किल्ला, उत्तरेला अजिंठ्याचे घाट उतरले की मोगलांच्या ताब्यात गेलेले खानदेश आणि वऱ्हाड. मोगल फौजांचा मोठा तळ बाळापूरला असे. तेथून बालाघाटावर चढून जालन्याकडे सरकणारी प्रत्येक फौज याच प्रदेशातून जाई आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या स्वाऱ्याही याच वाटांनी उत्तरेकडे उतरत. १६१६ मध्ये शाहनवाज खानाच्या मोगली फौजेने जालन्याजवळ रोशनगाव येथे मलिक अंबरचा पराभव केला, तेव्हा त्याआधी मोगलांकडे आलेल्या मराठा सरदारांत ‘जादूराय’ हे नाव जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात आलेले आहे. सिंदखेड ही दोन राज्यांमधली सरहद्द होती आणि तिथला देशमुख कोणत्या बाजूला उभा राहतो याला दोन्ही दरबारांत मोल होते.

देशमुखी म्हणजे नुसती पदवी नव्हे. परगण्याचा वसूल जमवणे, ओस पडलेली गावे पुन्हा वसवणे, तंटे तोडणे, वेळप्रसंगी घोडेस्वार घेऊन रणात उतरणे ही देशमुखाची कामे, आणि त्याबद्दल वसुलातला हक्काचा वाटा त्याचा. सुलतान बदलला, राजधानी पडली, तरी वतन पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. त्यामुळे त्या काळच्या सरदारांची पहिली निष्ठा वतनाशी असे. लखुजींनी १६२१ च्या सुमारास निजामशाही सोडून मोगलांची चाकरी धरली. त्यांना, त्यांच्या पुत्र-नातवांना व नातलगांना मिळून चोवीस हजारांची मनसब आणि पंधरा हजार स्वार दिले गेले. दख्खनच्या मराठा घराण्याला मोगलांनी तोवर दिलेला हा फार मोठा मान होता. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि विजापूर यांच्या संयुक्त सैन्याचा धुव्वा उडवला, तेव्हा लखुजी मोगलांच्या बाजूला आणि त्यांचे जावई शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूला होते. आजच्या मोजपट्टीने या फिरण्याला फितुरी म्हणणे अन्यायाचे आहे. दोन सत्तांच्या जात्यात सापडलेल्या सरहद्दीवरच्या वतनदाराला आपली माणसे व आपली जमीन राखायची होती, आणि लखुजींनी ती जवळजवळ तीन दशके राखली.

जिजाबाईंचा जन्म सिंदखेडच्या राजवाड्यात पौष पौर्णिमा, शके १५१९ म्हणजे १२ जानेवारी १५९८ रोजी झाला असे मानले जाते. राजवाड्यातील म्हाळसा महाल हा त्यांच्या जन्माचे ठिकाण म्हणून दाखवला जातो. घोडदौड, तलवार आणि दरबारी व्यवहाराची ओळख त्यांना इथेच झाली, अशी परंपरा सांगते. तपशील काही असो, दारात सदैव फौज उभी आणि घरात सतत तह-स्वारीची बोलणी, अशा वाड्यात त्या वाढल्या हे निश्चित. पुढे पुण्याच्या उजाड जहागिरीवर वस्ती बसवणारी, मुलाच्या गैरहजेरीत राज्यकारभार पाहणारी राजमाता या सरहद्दीवरच्या घरात घडली, हे लक्षात घेतले की सिंदखेडचे महत्त्व केवळ जन्मतिथीपुरते राहत नाही.

शहाजीराजांशी त्यांच्या विवाहाची हकीकत बखरींनी रंगवून सांगितली आहे. रंगपंचमीच्या सणाला वेरूळचे मालोजी भोसले बाल शहाजीला घेऊन जाधवरावांकडे आले. मुले एकमेकांवर गुलाल उधळत असताना लखुजींनी सहज थट्टेने ‘जोडा शोभतो’ अशा अर्थाचे उद्गार काढले, आणि मालोजींनी भर सभेत उठून सोयरीक ठरली असे जाहीर केले. जाधवरावांना ती तोलामोलाची वाटली नाही, पुढे भोसल्यांचा दर्जा वाढल्यावर विवाह झाला, अशी ही कथा. गावातील रंगमहाल हे या प्रसंगाचे स्थळ मानतात. बखरींनंतरच्या काळात कथेला बरीच भर पडलेली दिसते आणि विवाहाचे साल वेगवेगळे दिले जाते. मात्र सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा संबंध जुळला आणि त्यामुळे निजामशाहीतली दोन मोठी मराठा घराणी एकत्र आली, एवढे मान्य आहे.

ही एकी टिकली नाही. निजामशाही दरबार सुटत असताना खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला आणि त्याला आवरण्यावरून जाधव व भोसले यांच्यात हत्यारे उपसली गेली. त्या चकमकीत लखुजींचे पुत्र दत्ताजी आणि विठोजी भोसल्यांचे पुत्र संभाजी मारले गेले, शहाजीराजे जखमी झाले. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात या प्रसंगाचे वर्णन आहे. माहेर आणि सासर यांच्यात रक्त सांडलेले जिजाबाईंना अशा रीतीने तरुणपणीच पाहावे लागले.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला आणि निजामशाही दरबारात कटकारस्थानांना ऊत आला. लखुजी मोगलांना सोडून पुन्हा निजामशाहीकडे वळले होते, परंतु त्यांच्याविषयीचा संशय गेला नव्हता. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, दरबारात मुजऱ्याला आलेल्या लखुजींवर निजामशहाच्या इशाऱ्यावरून हल्ला झाला. त्यांच्यासह अचलोजी व रघोजी हे पुत्र आणि दत्ताजींचे पुत्र यशवंतराव असे तीन पिढ्यांतील पुरुष एकाच दिवशी मारले गेले. शहाजहानच्या कारकिर्दीचा अधिकृत इतिहास असलेल्या पादशाहनाम्यात या हत्येची नोंद आहे. लखुजींची पत्नी आणि बंधू जगदेवराव दौलताबादहून निसटून जालन्याजवळच्या सिंदखेडला आले आणि तिथून त्यांनी मोगलांकडे आश्रय मागितला, असे तो इतिहास सांगतो. या हत्येनंतर सुमारे सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पोटात मूल असताना जिजाबाईंनी पिता, दोन भाऊ आणि भाचा गमावला होता. शहाजीराजांनीही त्यानंतर काही काळ निजामशाहीचा त्याग केला.

लखुजींच्या मृत्यूनंतर सिंदखेडचे जाधवराव मोगलांच्या चाकरीत राहिले आणि घराणे दुभंगले. अचलोजींच्या वंशातले धनाजी जाधव मराठ्यांचे सेनापती झाले आणि संताजी घोरपड्यांच्या बरोबरीने त्यांनी औरंगजेबाच्या फौजा जेरीस आणल्या. सिंदखेडची शाखा मात्र मोगलांकडे आणि नंतर हैदराबादच्या निजामाकडे राहिली. औरंगजेबाच्या छावणीत कैदेत असलेल्या शाहू महाराजांचा एक विवाह सिंदखेडच्या जाधवांच्या मुलीशी लावून देण्यात आला, यावरून बादशहाच्या दृष्टीने या घराण्याचे स्थान काय होते ते कळते.

अठराव्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या घटना आजच्या सिंदखेड राजा तालुक्यात घडल्या. तालुक्यातील साखरखेर्डा येथे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल-मुल्काने मोगल सुभेदार मुबारिज खानाचा पराभव करून त्याला ठार केले आणि हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया घातला. या विजयावरून साखरखेर्ड्याला काही काळ फत्तेखेर्डा म्हणत. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी लढाई थेट सिंदखेडच्या वेशीवर आली. निजामाचे सरदार रामचंद्र जाधवराव यांना पेशव्यांच्या फौजेने डिसेंबर १७५७ मध्ये सिंदखेडला कोंडले. मोहिमेवर नावाला पेशव्यांचे तरुण पुत्र विश्वासराव होते, प्रत्यक्ष सूत्रे दत्ताजी शिंद्यांसारख्या अनुभवी सरदारांच्या हाती होती. जाधवरावांच्या सुटकेसाठी निजामाचा भाऊ निजामअली धावून आला, मराठ्यांनी त्यालाही घेरले आणि काही दिवसांच्या झटापटीनंतर साखरखेर्ड्याला तह झाला. निजामाने पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्गचा किल्ला पेशव्यांना दिला. जिजाऊंच्या माहेरचे गाव मराठा फौजेनेच वेढले, ही गोष्ट सिंदखेडच्या इतिहासाची गुंतागुंत दाखवते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या भागाची दुर्दशा झाली. दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धानंतर जानेवारी १८०४ मध्ये इथून जाणाऱ्या जनरल वेलस्लीने उपासमारीने मरणाऱ्या लोकांची आणि चोर-लुटारूंनी व्यापलेल्या सिंदखेडची नोंद आपल्या पत्रव्यवहारात केली आहे. निजामाच्या राज्यात जाधवरावांची जहागीर उरली होती. १८५१ मध्ये देऊळगाव राजा येथे जाधवरावांच्या पदरी असलेल्या अरब शिपायांचा निजामाच्या नावाने चालणाऱ्या कंटिंजंट फौजेशी संघर्ष झाला आणि त्यानंतर घराण्याची जहागीर जप्त झाली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. बुलढाणा जिल्ह्याची रचना झाल्यावर सिंदखेड मेहकर तालुक्यात होते. १९५६ मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून हा प्रदेश महाराष्ट्रात आहे. सिंदखेड राजा हे पुढे स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले.

गावातील ऐतिहासिक वास्तूंपैकी राजवाडा, लखुजींची समाधी, रंगमहाल, नीळकंठेश्वर मंदिर, काळाकोट, साकरवाडा आणि पुतळा बारव या राज्य संरक्षित स्मारके आहेत. एका गावात सतराव्या शतकातील मराठा सरदार घराण्याच्या राहण्याच्या, उपासनेच्या, पाण्याच्या, संरक्षणाच्या आणि मरणोत्तर स्मृतीच्या अशा सगळ्या प्रकारच्या वास्तू एकत्र उरलेल्या सहसा आढळत नाहीत. शिवपूर्वकाळातले मराठा सरदार कसे राहत होते याचा अभ्यास करायचा तर सिंदखेडसारखी जागा शोधून सापडायची नाही. बहुतेक प्रवासी मात्र राजवाड्यात हात जोडून पुढे निघतात.

राजवाड्याचे महाद्वार दगडी आणि भक्कम आहे. उंच कमानीखालून आत शिरले की देवड्या लागतात आणि पलीकडे चौक. मूळ वाड्याचा वरचा बराचसा भाग पडून गेला आहे. जोती, भिंतींचे अवशेष आणि तळघरे यांवरून वाड्याची मांडणी ओळखावी लागते. जिजाऊंच्या जन्मस्थानी आता जिजाऊ व बाल शिवबा यांची मूर्ती आहे. येणारी माणसे चपला काढून आत जातात, कुणी हळद-कुंकू वाहते, लेकुरवाळ्या बायका मुलाला मूर्तीच्या पायाशी टेकवतात. वाड्यासमोर नगरपरिषदेने बगीचा केला आहे. रंगमहाल राजवाड्यापासून दूर नाही. तिथल्या कमानी आणि चुन्यातले कोरीव काम पाहता तो सणसमारंभासाठी बांधलेला असावा हे पटते.

लखुजींची समाधी ही सिंदखेडची सर्वांत प्रभावी वास्तू आहे. चौरस तलविधान, भोवती कमानींच्या ओळी, वर घुमट, असे तिचे रूप आहे. दख्खनच्या सुलतानांच्या मकबऱ्यांची रचना एका हिंदू घराण्याने आपल्या पूर्वजाच्या स्मृतीसाठी स्वीकारलेली इथे दिसते. ही भारतातील हिंदू राजपुरुषाची सर्वांत मोठी समाधी असल्याचे सांगितले जाते. तिची भव्यता पाहता दावा समजण्यासारखा आहे, पण आकारापेक्षा तिचा काळ अधिक बोलका आहे. घरचे कर्ते पुरुष परक्या किल्ल्यात एका दिवशी कापले गेल्यानंतर, मोगलांच्या आश्रयाने जीव वाचवलेल्या घराण्याने उभारलेले हे बांधकाम आहे. दौलताबादच्या दरबारात जे हिरावले गेले ते मायभूमीत परत मिळवल्याची ती जाहीर खूण वाटते. लखुजींबरोबर मारल्या गेलेल्या पुत्र-नातवाची स्मृतीही परंपरेने याच वास्तूशी जोडली जाते.

२०२४ च्या उन्हाळ्यात या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना परिसरात जमिनीलगत काही घडीव दगड दिसले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पथकाने खोदकाम केले तेव्हा एका शिवमंदिराचा पाया उघड झाला. आणखी खोल गेल्यावर आधी लक्ष्मीची मूर्ती दिसू लागली आणि नंतर पूर्ण शेषशायी विष्णू समोर आला. सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर मिळालेले हे शिल्प १.७० मी. लांब व १ मी. उंच असून क्लोराइट शिस्ट या मऊसर, बारीक कोरीवकामाला सोयीच्या दगडात घडवलेले आहे. शेषावर पहुडलेला विष्णू, पायाशी पाय चुरणारी लक्ष्मी आणि पट्टीवर समुद्रमंथनाचा देखावा अशी त्याची मांडणी आहे. हा दगड दख्खनच्या काळ्या बेसाल्टाच्या मुलखातला नव्हे. दक्षिणेत होयसळांच्या शिल्पांत तो नेहमी दिसतो. मंदिराचे अवशेष यादवकाळातील, तेराव्या शतकाच्या आसपासचे मानले गेले. यादवांचा वारसा सांगणाऱ्या घराण्याच्या समाधीशेजारीच यादवकालीन मंदिर निघावे, याचे गावाला मोठे अप्रूप वाटले. मात्र त्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही. जाधवराव इथे येण्याच्या किती तरी आधी हे समृद्ध ठाणे होते, एवढे नक्की झाले, आणि सिंदखेडच्या इतिहासात ही मोलाची भर आहे.

नीळकंठेश्वर मंदिर हे लखुजींनी जीर्णोद्धार केलेले मंदिर असून तसा शिलालेख तिथे आहे. मंदिरासमोर तळापर्यंत पायऱ्या उतरत गेलेली चौकोनी बारव आहे. रामेश्वर हे आणखी एक जुने, हेमाडपंती धाटणीचे मंदिर.

काळाकोटाच्या भिंती पाहिल्याशिवाय सिंदखेडचे लष्करी स्वरूप लक्षात येत नाही. जगदेवराव जाधवांच्या काळात सुरू झालेला हा कोट पुरा झाला नाही असे सांगतात. उभ्या असलेल्या भिंतींची रुंदी आणि उंची सुमारे २० फूट भरते. काळ्या दगडाचे घडीव चिरे एकावर एक बसवून उभारलेल्या या भिंतीवरून दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी जातील एवढी ती जाड आहे. डोंगरी किल्ल्याचा आधार नसलेल्या सपाट पठारावर घराणे राखायचे तर अशीच भिंत हवी. साकरवाड्याचा परकोट त्याहून उंच, सुमारे ४० फुटांचा असून आत विहीर आणि तळघरे आहेत. वेढा पडला तरी पाणी आणि धान्य हाताशी राहावे हा त्यामागचा विचार उघड दिसतो.

पाण्याच्या व्यवस्थेत मोती तलाव पहिला. पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी दगडी बांध घालून अडवले आणि ते गावाच्या व बागायतीच्या उपयोगाला आणले. बांधाच्या भिंतीतच केलेले बांधकाम पाहिले की तलाव हा उपयोगाबरोबर विसाव्याचाही भाग होता हे ध्यानात येते. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली इमारत आहे; पाणी चढले की तिचे खालचे भाग बुडतात. पुतळा बारवेच्या भिंतींवर शिल्पे असून त्यांवरूनच तिचे नाव पडले आहे. सजनाबाईची विहीर गावाला पाणी पुरवणारी म्हणून प्रसिद्ध होती. उन्हाळ्यात टँकरवर विसंबणाऱ्या पठारावर चारशे वर्षांपूर्वी एका देशमुख घराण्याने केलेले हे काम आहे. यातले तलाव आणि बारवा गाळ काढून नियमित राखल्या, तर त्या आजही उपयोगी पडतील. वास्तूंच्या जतनात राजवाडा आणि समाधीकडे जितके लक्ष जाते तितके या पाणवठ्यांकडेही जायला हवे.

जिजाऊंच्या जन्मोत्सवाला आजचे व्यापक रूप विसाव्या शतकाच्या अखेरीस आले. १ सप्टेंबर १९९० रोजी स्थापन झालेल्या मराठा सेवा संघाने १२ जानेवारीचा सोहळा हाती घेतला आणि विदर्भ-मराठवाड्यासह महाराष्ट्रभरातून लोक इथे येऊ लागले. त्या दिवशी सूर्योदयाच्या वेळी राजवाड्यात लखुजींच्या वंशजांच्या उपस्थितीत पूजा होते. नंतर गावाबाहेर महामार्गालगत उभारलेल्या जिजाऊ सृष्टी या परिसरात सभा, पुस्तकांची दालने, पोवाडे आणि व्याख्याने होतात. ३ जानेवारी या सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीपासून १२ जानेवारीपर्यंतचा दशरात्रोत्सवही साजरा होतो. १२ जानेवारी २००५ रोजी येथे शिवधर्म या नव्या धर्माची घोषणा झाली. आदल्या रात्रीपासून जालना, मेहकर, चिखलीकडच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. भगवे फेटे बांधलेल्या बायका आणि मुली मोठ्या संख्येने येतात, लेकींना जिजाऊंच्या वेशात सजवून आणतात. जन्मोत्सवाला महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात मोठे स्थान मिळाले आहे.

जिजाबाईंचे निधन १७ जून १६७४ रोजी, राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे झाले. त्यांची समाधी तिथेच आहे. पाचाड आणि सिंदखेड या दोन ठिकाणांमध्ये त्यांच्या आयुष्याचा सगळा प्रवास मावतो. बऱ्याच वर्षांपर्यंत इतिहासाच्या पुस्तकांत पाचाडचा उल्लेख आवर्जून आणि सिंदखेडचा ओझरता होत असे. आता तसे राहिलेले नाही.

मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किमी. लांबीचा समृद्धी महामार्ग सिंदखेड राजा तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. या रस्त्यावरून धावणारी लांब पल्ल्याची वाहने आता महाद्वारासमोरून जात नाहीत; सिंदखेड पाहायचे तर महामार्ग सोडून गावात यावे लागते. बसने येणाऱ्यांना जालना, मेहकर आणि देऊळगाव राजा येथून एसटीची सोय आहे. देऊळगाव राजा येथील बालाजी मंदिर आणि पूर्वेकडे उल्कापाताने निर्माण झालेले लोणारचे सरोवर ही जवळची प्रेक्षणीय ठिकाणे आहेत. राजवाडा, रंगमहाल, नीळकंठेश्वर आणि पुतळा बारव गावातच असल्याने पायी पाहता येतात. मोती व चांदणी तलावांसाठी वाहन बरे. पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपद-आश्विनात, तलावांत पाणी असते आणि ऊनही सोसवते, त्यामुळे वास्तू निवांत पाहण्यासाठी तो काळ उत्तम.